वटवाघळांची बेगमी, आणि पांढऱ्या नाकाच्या आजारामागे हात धुऊन लागलेल्या बायका

आठवतंय का, २०२१ च्या जूनमध्ये बातमी आली होती, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह. पुण्याच्या एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, टीमनं, डॉ. प्रज्ञा यादव त्यात होत्या, २०२० च्या मार्चमध्ये तिथले नमुने घेतले होते आणि काही वटवाघळांच्या रक्तात निपाहच्या अँटीबॉडीज, म्हणजे कधीतरी त्या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा, सापडल्या होत्या. कोरोनाचे दिवस, लोक आधीच टरकलेले, आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी चक्क विचारलं की आम्ही दोन वर्षांपूर्वी वेण्णा लेकला मका खाल्ला होता, टेस्ट करून घेऊ का.

सांगायचा मुद्दा, वटवाघूळ आणि रोग हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोक्यात रोगाची वाट एकाच दिशेनं जाते, त्यांच्याकडून आपल्याकडे. त्यांनासुद्धा रोग होतो, त्यात ती लाखांनी मरतात आणि त्यांना वाचवायला माणसं आयुष्य घालवतात हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, ती पेनसिल्व्हेनियात असते: "ताई, आमच्या माळ्यावर वटवाघळं निघालीत. हाकलायला माणूस बोलावला तर म्हणतो पिल्लं उडायला लागेपर्यंत हात लावायचा नाही, आणि वर मलाच सांगतो संध्याकाळी बाहेर पडतात ती मोजून कळवा, संशोधनवाल्यांना हवंय. यांना काय एवढं कौतुक गं त्यांचं?" तिला व्हॉइस नोटवर समजावताना माझी सात मिनिटं गेली आणि तरी अर्धं राहिलंच, म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

हा आजार आहे तरी काय

पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपला ऑगस्टमध्ये बाहेर काढल्या की त्यावर पांढरी लव दिसते ना, तशीच बुरशी झोपलेल्या वटवाघळाच्या नाकावर, कानांवर आणि पंखांवर येते. म्हणून नाव व्हाइट-नोज सिंड्रोम, पांढऱ्या नाकाचा आजार. बुरशीचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, स्यूडोजिम्नोआस्कस डिस्ट्रक्टन्स, ते इथं एकदाच लिहिलं, पुढे नुसती बुरशी म्हणणार आहे. त्यातला डिस्ट्रक्टन्स म्हणजे नासधूस करणारी, हे २००९ मध्ये अँड्रिया गार्गस आणि तिच्या सहकाऱ्यांनी दिलेलं, आणि दुर्दैवानं अगदी चपखल बसलं.

पहिला पुरावा म्हणजे एक फोटो आहे, २००६ च्या फेब्रुवारीतला, न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या एका गुहेत काढलेला, ही गुहा हाउ कॅव्हर्न्सच्या पोटातलीच. न्यू जर्सीकडचे आपले लोक वीकएंडला मुलांना घेऊन बघायला जातात तीच हाउ कॅव्हर्न्स. पुढच्या हिवाळ्यात आजूबाजूच्या गुहांमध्ये वटवाघळांचा सडा पडलेला दिसला, काही तर भर थंडीत, भर दुपारी, बर्फावरून उडताना दिसली, आणि किडे खाणारं वटवाघूळ जानेवारीत दिवसाढवळ्या उडताना दिसलं म्हणजे काहीतरी भयंकर बिघडलंय हे समजून घ्यायचं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं अंदाज काढला की तोवर ५७ ते ६७ लाख वटवाघळं गेली होती. आज हा आजार तिथल्या चाळीसच्या आसपास राज्यांत आणि कॅनडातही पसरलाय.

मारते कशी? इथंच खरी गंमत आहे

बुरशी म्हटलं की आपल्याला वाटतं विष भिनत असेल, फुप्फुसं सडत असतील. तसं होत नाही. ही बुरशी वटवाघळाला उपाशी मारते, आणि ते कसं हे कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात, त्यामुळे इथं जरा थांबू.

तिकडे हिवाळ्यात किडे नसतात. मग किडे खाणारं वटवाघूळ काय करतं, तर झोपतं, पण आपल्यासारखं नाही. अंगाचं तापमान गुहेच्या तापमानाइतकं खाली आणतं, म्हणजे २ ते १० अंश वगैरे, हृदयाचे ठोके मिनिटाला शेकड्यांवरून दहा-वीसवर येतात, प्रतिकारशक्तीसुद्धा जवळपास बंद. याला शीतनिद्रा म्हणतात. आमच्या आजीच्या घरी चूल होती, रात्री निखाऱ्यावर राख सारून ठेवायची आणि सकाळी फुंकर मारली की पेटायची, शीतनिद्रा म्हणजे तो राखेखालचा निखारा.

आणि लाकूडफाटा? तो शरदातच भरून ठेवलेला असतो. कोकणात आगोटीची बेगमी करतात, पावसाच्या आधी तांदूळ, सुकी मासळी, पापड, लाकडं सगळं माळ्यावर, तशी वटवाघळाची बेगमी म्हणजे अंगावरची चरबी. छोटं तपकिरी वटवाघूळ, ज्याला या आजाराचा सगळ्यात मोठा फटका बसला, त्याचं वजन साधारण आपल्या दहा रुपयांच्या नाण्याइतकं असतं. त्यात चरबी दोनेक ग्रॅम, म्हणजे चार शेंगदाणे धरा. चार शेंगदाण्यांवर पाच-सहा महिने काढायचे.

आता यात एक मेख आहे. वटवाघूळ सलग सहा महिने झोपत नाही, दोन-तीन आठवड्यांनी एकदा जागं होतं, अंग पूर्ण गरम करतं, थोडा वेळ तसं राहतं, परत थंड होतं. हे जे मोजके तास असतात ना, अख्ख्या हिवाळ्याच्या चरबीतला बहुतेक वाटा तेच खाऊन टाकतात. चूल धुमसत ठेवायला काहीच लागत नाही, पण परत पेटवायला मोळीच्या मोळी जाते.

पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठातली डीॲन रीडर आणि तिच्या टीमनं वटवाघळांच्या पाठीवर तापमान नोंदवणारी इवलीशी यंत्रं चिकटवली. हिवाळा संपल्यावर नोंदी उतरवून बघितलं तर कोणतं वटवाघूळ कधी जागं झालं याचा आख्खा आलेख हातात, सपाट रेघ, मध्येच उंच सुळका, परत सपाट. निरोगी वटवाघळांचे सुळके लांब लांब होते. आजारी वटवाघळांचे सुळके दाटीवाटीनं, साधारण निम्म्या अंतरानं, आणि जे जितक्या जास्त वेळा जागं झालं ते तितकं लवकर मेलं. २०१२ चं हे काम. म्हणजे घरात नको तो पाहुणा येऊन बसलाय आणि दर तासाला चहा टाकायला लावतोय, श्रावण लागायच्या आतच माळा रिकामा. वर म्हटलं ना, भर थंडीत बर्फावर उडणारी वटवाघळं, ती बहुतेक भुकेनं बाहेर पडलेली असतात.

का जागं होतं, तर कातडी. पंख म्हणजे नुसतं पातळ कातडं, आणि वटवाघळाच्या अंगावर सगळ्यात मोठा पसारा त्याचाच, त्यातून पाणी जातं, थोडा कार्बन डायऑक्साइडही. बुरशी ते कातडं पोखरते. मिशेल व्हेरंट या बाईनं २०१४ मध्ये दाखवलं की बाहेरून अजून फारसं काही दिसत नसतानाच आजारी वटवाघळं निरोगी वटवाघळांच्या जवळपास दुप्पट ऊर्जा जाळत होती आणि रक्तातली क्षारांची घडी विस्कटलेली होती.

कॅरल मेटेयर या पॅथॉलॉजिस्टनं आणखी एक गोष्ट दाखवली जी मला तरी सगळ्यात हळहळ लावणारी वाटते. समजा एखादं वटवाघूळ कसंबसं वसंतापर्यंत टिकलं, जागं झालं, प्रतिकारशक्ती परत सुरू झाली. ती बघते तर पंखभर बुरशी. मग ती इतकी चवताळून हल्ला करते की बुरशीबरोबर पंखाचीही चाळण होते. एचआयव्हीच्या काही पेशंटमध्ये औषधं सुरू केल्यावर असंच होतं, मेटेयरनी तिथूनच ते जोडून घेतलं.

ही बुरशी आली कुठून, आणि युरोपात का नाही मरत?

युरोपात ही बुरशी सगळीकडे आहे, चीनमध्येही सापडलीय, पण तिथं असे सडे पडत नाहीत. गावचं पाणी गावकऱ्याच्या अंगी लागलेलं असतं आणि पाहुणा मात्र दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो, तसंच. युरोपातली वटवाघळं आणि ही बुरशी कित्येक पिढ्या एकत्र राहिलीत, अमेरिकेतल्या वटवाघळांनी तिचं तोंडही बघितलेलं नव्हतं.

जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातली निकोला फिशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीन खंडांतून आलेले साडेपाच हजारांच्या आसपास नमुने तपासले, यातले कितीतरी हौशी लोकांनी गुहांत उतरून गोळा करून पाठवलेले, आणि २०२५ मध्ये दोन गोष्टी सांगितल्या. एक, अमेरिकेत पोचलेल्या बुरशीचं मूळ युक्रेनमधल्या पोडोलिया भागाशी जुळतं, तिथं जगातल्या मोठमोठ्या गुहा आहेत आणि गुहा धुंडाळणारे लोक तिथं जातात, त्यांच्या बुटांवरून किंवा दोरांवरून ती आली असावी. दोन, ज्याला आपण एक बुरशी समजत होतो त्या मुळात दोन वेगळ्या जाती आहेत, आणि अमेरिकेत यातली एकच पोचलीय. दुसरी अजून यायचीय! म्हणजे एवढं सगळं झालं ते एका चोरानं, त्याचा भाऊ अजून बाहेर मोकळा फिरतोय.

मग गुहाच धुऊन काढा की

हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय आणि प्रश्न रास्त आहे. बुरशीनाशक मारा, विषय संपला. पण गुहा म्हणजे बाथरूमची टाइल नाही, तिथं इतर शेकडो प्रकारच्या निरुपद्रवी बुरश्या, जिवाणू, आंधळे किडे, पाण्यातले जीव असतात, कुठे कुठे तर जगात फक्त त्याच एका गुहेत. सरसकट औषध मारलं तर एकाला वाचवायला बाकी सगळ्यांना मारल्यासारखं. शिवाय ही बुरशी वटवाघळं नसली तरी गुहेच्या मातीत वर्षानुवर्षं टिकते, एका कोपऱ्यात राहिली की परत आलीच.

म्हणून या शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. बुरशी जाणार नाही हे धरून चाला, मग वटवाघळाला हिवाळा कसा काढता येईल ते बघा. खर्च कमी करा नाहीतर बेगमी वाढवा. (उपमा सगळ्या स्वयंपाकघरातल्या आहेत म्हणून गैरसमज नको, त्या माझ्या आहेत. या बायका कमरेइतक्या पाण्यातून, हेल्मेटवर दिवा लावून, बंद पडलेल्या तांब्याच्या खाणींत सरपटत जातात.)

बेगमी वाढवायची

विनिफ्रेड फ्रिक. आज ती बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेची मुख्य शास्त्रज्ञ आहे. २०१० मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांच्या मोजण्या घेऊन हिशेब मांडला होता की हे असंच चाललं तर छोटं तपकिरी वटवाघूळ ईशान्य अमेरिकेतून १६ वर्षांत नामशेष होण्याची शक्यता ९९ टक्के आहे. त्या पेपरनं खळबळ उडवली. पण पुढे काही ठिकाणी वेगळंच दिसायला लागलं, दहातली नऊ मेली, पण उरलेलं एक टिकलं, दर वर्षी परत येत राहिलं. आकडा वाढत नव्हता पण शून्यही होत नव्हता. आपलाच अंदाज पुरता खरा ठरला नाही म्हणून आनंद होणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत फ्रिक असेल.

मग प्रश्न, ही टिकलेली वेगळी काय करतात? टीना चेंगनं २०१९ मध्ये एक उत्तर दिलं आणि ते इतकं साधं आहे की हसू येतं. ती जाड आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या अंगावर आजार येण्याआधीच्या काळातल्या वटवाघळांपेक्षा जास्त चरबी होती. पाहुणा चहा मागणारच आहे ना, मग साखरेचा डबाच मोठा आण.

यावरून पुढची कल्पना निघाली. मिशिगनच्या उत्तर भागात, जिथं वटवाघळं जुन्या खाणींमध्ये झोपतात, तिथं त्या खाणींच्या जवळ शरदात आणि वसंतात अतिनील दिवे लावले. पहिल्या पावसात आपल्या ट्यूबलाइटभोवती किड्यांचा ढग जमतो आणि आपण लाइट बंद करून अंधारात जेवतो, तर तोच ढग इथं मुद्दाम जमवायचा. पंगत मांडायची. आता वटवाघळं जेवली की नाही हे कसं कळणार, तर आवाजावरून. किडा टप्प्यात आला की वटवाघळाची टिक-टिक इतकी जलद होते की तिची एकच घरघर होऊन जाते, आपल्याला ऐकू येत नाही पण यंत्रात येते, ती घरघर म्हणजे एक घास घ्यायचा प्रयत्न. दिव्यांपाशी ती घरघर जास्त ऐकू आली. झोपायच्या आधी दोन घास जास्त, आणि वसंतात फाटक्या पंखांनी बाहेर आल्यावर दाराशीच जेवण.

थंड घर बरं, पण सोडवत नाही

स्कायलर हॉपकिन्सचं २०२१ चं काम वाचताना मला सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आठवला. ही बुरशी गारव्यात वाढते, पण फार गारठ्यात हळू वाढते, १२ ते १६ अंशांत तिला सगळ्यात मजा येते. म्हणजे एकाच खाणीत जरा उबदार कोपरा आणि जास्त थंड कोपरा असेल तर उबदार कोपऱ्यातल्या वटवाघळांना आजार जास्त. मिशिगन-विस्कॉन्सिनमध्ये हे नीट मोजून झालं. आता इतकी मेल्यावर उरलेल्यांनी थंड जागा धरायला हवी होती की नाही? निम्म्याहून जास्त वटवाघळं अजून उबदार जागीच झोपत होती. पिढ्यान्‌पिढ्या ती जागा चांगलीच होती ना. पूर ओसरला की माणूसही चिखल काढून त्याच नदीकाठच्या घरात राहायला जातो, त्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी, पेनसिल्व्हेनियात वगैरे, जुन्या खाणींमधली हवा खेळती करून त्या थोड्या जास्त थंड करण्याचे प्रयोग झालेत. पोरं घर सोडत नसतील तर घरालाच पंखा लावायचा.

दही लावल्यासारखं, आणि लस

कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात, अडचण वेगळी आहे. तिथं हजारो वटवाघळं एका गुहेत झोपत नाहीत, डोंगरातल्या कुठल्या कुठल्या फटींत पाच-दहा लपतात, सापडतच नाहीत. मग हिवाळ्यात उपचार करणार कुणाला? कोरी लॉसन, ही वटवाघळांची शास्त्रज्ञ, आणि नाओवारत चीपथम, ही कॅमलूप्सच्या थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठातली गुहांमधल्या सूक्ष्मजीवांवर काम करणारी, या दोघींनी आणि त्यांच्या टीमनं उन्हाळा पकडला. उन्हाळ्यात माद्या पिल्लांसाठी एकत्र येतात, घरांच्या माळ्यावर, लोकांनी लावलेल्या लाकडी पेट्यांत.

तिथल्याच वटवाघळांच्या पंखांवर राहणारे काही जिवाणू या बुरशीला वाढू देत नाहीत असं दिसलं होतं. असे निवडक जिवाणू वाढवून मातीच्या बारीक पुडीत मिसळले आणि ती पूड पेटीच्या तोंडाशी भुरभुरली. वटवाघूळ आत-बाहेर सरपटताना ती पंखांना लागते, मग एकमेकांना घासून बाकीच्यांना. पकडायची गरज नाही, टोचायची गरज नाही. दुधात चांगलं विरजण पडलं की दुसऱ्या कुणाला तिथं थारा मिळत नाही, तत्त्व हेच, हिवाळ्यात बुरशी येईल तेव्हा पंखावर आधीच कुणीतरी बसलेलं असेल.

आणि टोनी रॉकी, मॅडिसनमधल्या राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्रातली, तिनं लस हातात घेतली. ही तीच बाई जिनं आधी प्रेअरी डॉग नावाच्या खारीच्या भाऊबंदांसाठी प्लेगची लस शेंगदाणा-बटरच्या चवीच्या गोळ्यांतून द्यायचं काम केलं होतं, म्हणजे रानातल्या प्राण्याला सुई न दाखवता लस कशी द्यायची यात तिचा हात बसलेला. वटवाघळांसाठी तिनं एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बुरशीचे तुकडे चढवले, आणि २०१९ मध्ये छापलेल्या प्रयोगात छोट्या तपकिरी वटवाघळांमध्ये बुरशीविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली दिसली. अडचण वेळेची आहे. झोपल्यावर प्रतिकारशक्तीच बंद असते, त्यामुळे जे काही शिकवायचं ते झोपायच्या आधी.

आता यातलं कुठलं चालणार? एकही एकट्यानं नाही, असं माझं मत. पण दोन घास जास्त, दोन अंश कमी, थोडं विरजण आणि जमलं तर लस, असं चारही बाजूंनी केलं आणि मार्चमध्ये रिकामा होणारा माळा एप्रिलपर्यंत पुरला तर ते वटवाघूळ जगतं. छोटं तपकिरी वटवाघूळ जगलं तर तीस वर्षंसुद्धा जगू शकतं, पण मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे उंदरांसारखी भरपाई दोन वर्षांत होत नाही. एक मादी वाचवणं म्हणजे पुढची दहा-पंधरा पिल्लं वाचवणं.

फक्त बायकाच करतात का हे काम?

नाही हो. ही बुरशीच आजाराचं कारण आहे हे निरोगी वटवाघळांना ती लावून २०११ मध्ये सिद्ध करणारा जेफ्री लॉर्च, पंखावरच्या जिवाणूंवर आधी काम केलेला जोसेफ हॉइट, असे पुरुष भरपूर आहेत आणि प्रत्येक पेपरवर दहा-वीस नावं असतात. पण मी एकेक टप्पा वाचत गेले, किती मेली, का मेली, कोण टिकलं, आता काय करायचं, तर प्रत्येक टप्प्यावर मुख्य नाव बाईचं निघत गेलं, आणि बातम्यांमध्ये फोटो मात्र वटवाघळाचा. म्हणून म्हटलं नावं घेऊनच लिहावं.

मेली तर मेली, आपलं काय जातं?

मावसबहिणीचा मूळ प्रश्न हाच होता. अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक यानं २०२४ मध्ये याचा फार चलाख हिशेब केला. हा आजार वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळ्या वर्षी पोचला. म्हणजे निसर्गानंच प्रयोग लावून दिला, यंदा इथं वटवाघळं गेली, शेजारच्या जिल्ह्यात अजून आहेत, तर दोन्हीकडच्या शेतीत काय फरक पडतो ते बघा. फरक असा पडला की वटवाघळं गेलेल्या ठिकाणी शेतकऱ्यांनी कीटकनाशकं साधारण ३१ टक्के जास्त मारली. किडे खाणारं कुणी उरलं नाही, तर फवारणी. आणि त्याच जिल्ह्यांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले, अपघात वगैरे कारणं वगळून.

कुणी म्हणेल, हा योगायोग नसेल कशावरून? एका ठिकाणी एका वर्षी झालं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण आजार जसजसा पुढे सरकला तसतसा हा फरक त्याच्या मागोमाग सरकला, आणि वटवाघळं मरायच्या आधीच्या वर्षांत त्या जिल्ह्यांत तसा फरक नव्हता. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा फवारणी जास्त होणं म्हणजे नुसता खर्च वाढणं नव्हे हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण त्यांच्यापासून रोग येतात त्याचं काय?

येऊ शकतात, निपाह खोटा नाही, केरळात माणसं गेलीत. वटवाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही, पाखरांनी-वटवाघळांनी उष्टावलेलं फळ खायचं नाही, अमेरिकेत रेबीजची भीती असते म्हणून घरात वटवाघूळ शिरलं तर डॉक्टरला विचारायचंच. या शास्त्रज्ञ बायका स्वतः रेबीजची लस घेऊन, हातमोजे घालूनच काम करतात. पण ही पांढऱ्या नाकाची बुरशी माणसाला होत नाही, आपलं अंग ३७ अंशांचं, तिला २० च्या वर वाढताच येत नाही. २०२० मध्ये तर वाट उलटीच झाली होती, माणसांकडून वटवाघळांना कोरोना जाईल म्हणून अमेरिकेत त्यांना हाताळणंच काही काळ थांबवलं होतं.

आपल्याकडे येईल का?

महाराष्ट्र-गोव्यापुरतं बोलायचं तर आपल्या लेण्या आणि गुहा या बुरशीला फार गरम आहेत, आणि आपल्याकडच्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, अशा सहा-सहा महिने थंडगार होऊन झोपत नाहीत, त्यामुळे हा आजार इथं रुजणं अवघड. हिमालयातल्या थंड गुहांची गोष्ट वेगळी, तिथं डोळे उघडे ठेवायला हवेत. आपल्याकडचे धोके साधे आहेत, गुहेत शेकोटी, धूर, फटाके, रीलसाठी टॉर्च मारून उठवणं. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे, तिथं सापडणारं राउटनचं वटवाघूळ बरीच वर्षं जगात फक्त तिथलंच समजलं जायचं, तिथं एकदा कुणी मोळी पेटवली तर बुरशीची गरजच नाही.

राहिली मावसबहीण. तिनं शेवटी अंगणात खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन मोजलीच, एकतीस भरली. फोटो बघून त्या माणसानं सांगितलं की ही मोठी तपकिरी जात आहे, हिला हा आजार कमी त्रास देतो, तर ही जरा हिरमुसलीच, एवढं मोजलं आणि आमची साधीच निघाली म्हणे. आता पोरांना घेऊन हाउ कॅव्हर्न्सला निघालेत. मी सांगितलंय, याआधी कुठल्या गुहेत घातलेले बूट-कपडे तसेच घालून जाऊ नका, ५५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं बुडवून काढा, तिथले लोकही हेच सांगतात. त्यावर तिचा मेसेज, "ताई, नव्या शूजची पेस्टिंग निघेल गं." मग म्हटलं जुन्या चपला घालून जा, पण कुठल्याच गुहेत न गेलेल्या.